सव्वीस जाकिटांचं कापड

१

चंद्रभागाताईंनी गठ्ठ्याची गाठ सोडली, जाकिटांसाठी कापलेले निळे तुकडे एकेक करून खाटेवर मांडले आणि विसाव्या तुकड्यानंतर गठ्ठा संपला. तुकडे सव्वीस असायला हवे होते. त्यांनी गठ्ठ्याची चादर झटकली, खाटेखाली वाकून पाहिलं, शिलाई मशीनचं झाकणसुद्धा उचलून पाहिलं. मग त्या तशाच अनवाणी आमच्या दारात आल्या.

"मॅडम आहेत का?" त्यांनी मला विचारलं.

मॅडम म्हणजे माझी बायको सुवर्णा. ती शाळेत सहावी-सातवीला गणित शिकवते. मी निवृत्ती, सिन्नरला एका कारखान्यात फिटर आहे. नाशिकरोडच्या आमच्या यशोधरानगरात कुणाचं काही हरवलं की लोक पोलिसांच्या आधी हिच्याकडे येतात आणि मला दारातून बाजूला सरकायला सांगतात. मी सरकतो. हिच्या डोक्याचं मला लग्न ठरल्यापासून कौतुक आहे, आणि ते लपवून ठेवण्यात मला काही शहाणपण दिसत नाही.

"मॅडम, सहा तुकडे कमी आहेत," चंद्रभागाताई उंबऱ्यातच म्हणाल्या. "आणि उरलेला तुकडाही नाही."

सुवर्णाने हातातली कणीक बाजूला ठेवली.

हे कापड साधं नव्हतं. आमच्या कॉलनीच्या जयंतीच्या मिरवणुकीत केरूतात्या हलगी वाजवायचे. मुलींच्या लेझीम पथकाला एकसारखी निळी जाकिटं हवीत, असं त्यांनी मनावर घेतलं होतं. मालेगावहून एक तागा त्यांनी स्वतः खांद्यावर टाकून आणला आणि थंडीत ते वारले. त्यांच्या बायकोने, लंकामावशींनी, तो तागा विहाराच्या अंगणात सगळ्यांसमोर मोजून दिला. बरोबर वीस मीटर भरला. कापडाचा पन्हा मोठा असल्यामुळे मुलगी लहान असो की मोठी, प्रत्येकीच्या जाकिटाला पाऊण मीटर पुरत होतं.

"पोरींची जाकिटं होऊ द्या," मावशी तेव्हा म्हणाल्या होत्या. "जे उरंल ते मला द्या. ह्यांच्या हलगीला बांधीन. मला दुसरं काय नको."

कापायचं काम शेखरने घेतलं, कारण त्याचं तयार कपड्यांचं दुकान आहे आणि दुकानात कापायचं मोठं टेबल आहे. दुकानातून गठ्ठा काळूने त्याच्या रिक्षातून आणला. शिवायचं काम चंद्रभागाताईंचं. कापड फक्त या तीन हातांतून गेलं होतं.

संध्याकाळपर्यंत कॉलनीने निकालही लावून टाकला. शिवणाऱ्या बाईकडे कापड कमी झालं म्हटल्यावर लोकांना आणखी विचार करायची गरज वाटत नाही. शाळेच्या गणवेशांची शिलाई चंद्रभागाताईंना द्यायची, असं कॉलनीच्या समितीत जवळजवळ ठरलं होतं. नवरा गेल्यावर त्या एका मशीनवर घर चालवत होत्या. आता मात्र जो तो म्हणू लागला, की जिने मेलेल्या माणसाचं कापड खाल्लं तिच्या हाती पोरांचे गणवेश द्यायचे कसे?

तसा निळा पुन्हा मिळणार नव्हता. काळूने मालेगावला फोन लावून विचारलंही होतं. म्हणजे पथकातल्या सर्वांत लहान सहा मुली मिरवणुकीबाहेर राहणार होत्या, आणि त्यांच्याबरोबर चंद्रभागाताईंचं नावही जाणार होतं.

२

समितीचे अध्यक्ष प्रफुल्लसाहेब बँकेत आहेत. माणूस सज्जन, पण भांडण कसंही करून मिटवायची त्यांना घाई. विहाराच्या अंगणात त्यांनी सगळ्यांना बोलावलं आणि उभं राहून हसतमुखाने जाहीर केलं, "अहो, चोरी झालेलीच नाही!"

मग त्यांनी हिशोब मांडला.

"सोपं गणित आहे. वीस मीटर कापड, त्याला भागिले पाऊण. भागाकार केला की आकडा कमी होतो, बरोबर? वीस पाऊण पंधरा. म्हणजे मुळात पंधराच जाकिटं होणार होती. आपल्या ताईंनी काटकसर करून वीस बसवली. आभार माना त्यांचे!"

कुणीतरी टाळ्याही वाजवल्या. मलाही ते पटलं होतं, खोटं कशाला बोलू. मी टाळी वाजवायला हात उचलले, तेवढ्यात चंद्रभागाताई उभ्या राहिल्या.

"साहेब, पंधरा नाही, सव्वीसच होतात," त्या म्हणाल्या. "मला चुकीच्या हिशोबाने सोडवू नका. उद्या कुणी बरोबर हिशोब केला की मी परत चोर ठरणार."

मी हात खाली घेतले. आयती सुटका समोर चालून आलेली असताना ती नको म्हणणारी बाई मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

प्रफुल्लसाहेब गोंधळले. "पण भागल्यावर आकडा वाढतो कसा?"

आता सुवर्णा उठली. "साहेब, दहा भाकऱ्या आहेत. एकेकाला अर्धी दिली. किती जण जेवतील?"

"वीस."

"दहाला अर्ध्याने भागलं आणि आले वीस. वाढला की नाही आकडा? वाटा एकापेक्षा लहान असेल तर वाटे जास्त होतात. तुम्ही विसाची पाऊणपट केलीत. आपल्याला विचारायचंय, की विसात पाऊण किती वेळा बसतो. चार वेळा पाऊण म्हणजे तीन मीटर, इथून मोजत चला."

साहेब बोटांवर मोजू लागले. तीन मीटरला चार, सहाला आठ, नऊला बारा, बाराला सोळा, पंधराला वीस. अठराला चोवीस झाले आणि दोन मीटर उरले. त्यातून आणखी दोन जाकिटं निघाली.

"सव्वीस," साहेब हळूच म्हणाले आणि खाली बसले.

गणित बरोबर सुटलं, आणि त्याबरोबर चंद्रभागाताईंना वाचवणारी एकुलती एक गोष्टही गेली. सहा जाकिटांचं कापड खरोखरच चोरीला गेलं होतं, हे आता माझ्याच बायकोने भर अंगणात सिद्ध केलं होतं. लोक ताईंकडे पाहू लागले. ताई मात्र सुवर्णाकडे पाहत होत्या.

"रविवारपर्यंत थांबा," सुवर्णा म्हणाली. "मग काय ते ठरवा."

३

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर तिने पहिलं काम काय केलं असेल, तर वीसच्या वीस तुकडे टेपने मोजले. एक टोक ताईंनी धरायचं, दुसरं हिने. प्रत्येक तुकडा पंचाहत्तर सेंटीमीटर, ना दोरा कमी ना दोरा जास्त. पाचव्या तुकड्यानंतर मला जांभया यायला लागल्या. हिने एकही सोडला नाही.

"कापणाऱ्याचा हात चांगला आहे," ती एवढंच म्हणाली.

"ताई, गठ्ठा आला तेव्हा मोजून का नाही घेतला?" मी विचारलं.

"घरच्यासारखं काम, भाऊ. तात्यांचं कापड, शेखरभाऊंनी कापलेलं. मोजून घेतलं असतं तर त्यांना काय वाटलं असतं?"

आमच्याकडे हे असंच आहे. दुकानदाराकडून चहाची पुडी घेतानाही आम्ही वजनकाट्यावर नजर ठेवतो, पण कॉलनीतल्या माणसाने दिलेली वस्तू त्याच्यासमोर मोजून घेणं म्हणजे त्याच्या तोंडावर संशय घेणं. ताईंनी मान राखला आणि तोच त्यांच्या अंगाशी आला.

काळूची रिक्षा चौकात उभी होती. आम्ही जवळ गेलो आणि मी जागीच थांबलो. रिक्षाला दोन्ही बाजूंनी नवे कोरे निळे पडदे लावलेले होते.

"काळू!" मी ओरडलोच. "हे काय आहे रे?"

काळूने पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि त्याचा चेहरा पडला. "भाऊ, तुमीबी? सकाळपासून चौथा माणूस विचारतोय. हात लावून बघा. नायलॉन हाय. उन्हाळ्यात पाशिंजर भाजतं म्हणून लावलेत."

सुवर्णाने पडदा चुरगाळला आणि सोडला. तो लगेच सरळ झाला. तात्यांचं कापड सुती होतं, चुरगाळलं की चुणी राहायची. मी उगाच रस्त्याकडे पाहू लागलो.

"काळू, गठ्ठा तुझ्याकडे कसा आला?" तिने विचारलं.

"बांधलेलाच. शेखरभाऊंनी माझ्यासमोर सुतळीची गाठ मारली, वर पाणी लावून आवळली. वाटेत कुटं थांबलो नाय, मॅडम. सरळ ताईंच्या दारात."

"ती गाठ मला दातांनी सोडावी लागली," ताईंनी आदल्या दिवशी सांगितलेलं मलाही आठवत होतं.

म्हणजे काळू सुटला. उरले दोघं. शेखर म्हणजे कॉलनीतला दानशूर माणूस, जयंतीला दरवर्षी पाण्याच्या बाटल्या देणारा. त्याच्या शब्दापुढे एका शिवणाऱ्या बाईचा शब्द कोण धरणार, हे मला दिसत होतं. हिलाही दिसत असणार, कारण ती मला म्हणाली, "चला, तुम्हाला एक शर्ट घेऊ."

४

शेखरचं दुकान नुकतंच नव्याने सजवलेलं होतं. रस्त्याच्या बाजूने सगळी काच, आणि कोपऱ्यात कपडे घालून बघायची खोली. तिला चुण्याचुण्यांचा ऐसपैस मलई रंगाचा पडदा लावलेला.

"या मॅडम, या भाऊ!" शेखरने स्वागत केलं. "चंद्रभागाताईंचं ऐकून वाईट वाटलं. गरिबी माणसाकडून काय काय करून घेते. मी तर म्हणतो, माफ करून टाकू."

हिने माझ्या हातात एक पांढरा शर्ट दिला आणि मला कोपऱ्यातल्या खोलीत पिटाळलं. आत दिवा लागत नव्हता. पडद्यातून येणाऱ्या उजेडातच मी बटणं लावली आणि आरशात पाहिलं. शर्ट मला निळसर वाटला. मला पांढरा हवा होता. मी तसाच बाहेर आलो.

"हा निळसर आहे," मी तक्रार केली.

"अहो भाऊ, पांढराशुभ्र आहे," शेखर हसला. बाहेरच्या उजेडात तो खरोखरच पांढराशुभ्र होता. मी ओशाळलो. चाळिशी लागल्यापासून माझ्या डोळ्यांवर घरात कुणाचाच विश्वास नाही, माझा स्वतःचाही नाही.

सुवर्णा मात्र शेखरशी गप्पा मारत होती. "पथकात आधीपासून सव्वीस मुली होत्या का हो?"

"नाही, आधी वीसच नावं होती. मग मावशी म्हणाल्या, लहान सहा जणींनाही घ्या. मला काय, वीस काय नि सव्वीस काय! सव्वीस तुकडे कापले, स्वतः मोजले, गठ्ठा बांधला."

"आणि मावशींचा उरलेला तुकडा?"

"तोही गठ्ठ्यात वरच ठेवला होता. सहासष्ट सेंटीमीटर भरला."

"किती?"

"सहासष्ट. टेपने मोजला ना मी. मावशींना द्यायचा म्हटल्यावर मोजायला नको?"

सुवर्णा क्षणभर त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने शर्ट बांधून द्यायला सांगितला.

घरी येताना ती गप्प होती. अशी गप्प झाली की मी मध्ये बोलत नाही, कारण त्या वेळी तिच्या डोक्यात काय चाललेलं असतं ते बघायला मिळालं तर मी पैसे देऊन तिकीट काढीन. आमच्या गल्लीच्या तोंडाशी ती थांबली.

"अहो, शर्ट निळसर आहे असं का म्हणालात?"

"आत तसा दिसला. जाऊ दे ना, डोळ्यांचं काय..."

"तुमचे डोळे एकदम चांगले आहेत," ती म्हणाली. एवढ्या वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. "रविवारी ताईंना टेप घेऊन यायला सांगा. आणि सगळ्या सव्वीस मुलींना बोलवा."

५

रविवारी सकाळी अंगण भरलं होतं. लंकामावशी विहाराच्या पायरीवर बसल्या होत्या, मांडीवर तात्यांची हलगी. चंद्रभागाताई एका बाजूला एकट्या उभ्या होत्या. शेखर पहिल्या ओळीत खुर्चीवर होता.

सुवर्णाने खडूने विहाराच्या भिंतीपासून रस्त्यापर्यंत वीस मीटरची रेघ मारून घेतली होती. "ही रेघ म्हणजे तात्यांचा तागा," ती म्हणाली. "ताईंची टेप दीड मीटरची आहे. दीड मीटर म्हणजे दोन जाकिटं. ताई, मोजा. एका टेपेत दोन मुली उभ्या करा."

चंद्रभागाताईंनी वाकून टेप लावली. दोन मुली रेघेवर उभ्या राहिल्या. टेप पुढे सरकली, आणखी दोन. मुली लेझीम हातात धरून खिदळत होत्या, मोठी माणसं मात्र टेपकडे पाहत होती. तेराव्या टेपेला सव्विसावी मुलगी उभी राहिली. तिच्यापुढे रेघेचं थोडंसं टोक शिल्लक होतं.

"शेखरभाऊ," सुवर्णा म्हणाली, "हा मावशींचा तुकडा. तुम्ही मोजला तेव्हा किती भरला होता?"

"सांगितलं ना. सहासष्ट सेंटीमीटर."

"ताई, मोजा."

ताईंनी टेप लावली आणि वर पाहिलं. "पन्नास. अर्धा मीटर."

अंगणात कुजबुज सुरू झाली. शेखर जागेवरून उठला. "टेप सैल धरली असेल मी. नाहीतर तुकडे थोडे आखूड कापले गेले असतील."

"वीस तुकडे ताईंच्या घरी आहेत. प्रत्येक पंचाहत्तर आहे, मी मोजलेत. तुमचा हात इतका चांगला आहे, की सहा तुकड्यांतच सोळा सेंटीमीटर चुकणार नाही. आणि तागा तर याच अंगणात वीस भरला होता. मग हे सहासष्ट आले कुठून? साहेब, तुमच्या मोबाईलवर वीस भागिले शून्य पूर्णांक पंचाहत्तर करा."

प्रफुल्लसाहेबांनी केलं आणि मोठ्याने वाचलं, "सव्वीस पूर्णांक सहा सहा सहा..."

"सव्वीस जाकिटं, आणि वर सहासष्ट. शेखरभाऊंना वाटलं, हे सहासष्ट म्हणजे उरलेलं कापड. पण आपण भागलं जाकिटाने, म्हणून उत्तर जाकिटांत आलं. सव्वीस जाकिटं आणि आणखी एका जाकिटाचे तीनातले दोन भाग. जाकीट पाऊण मीटरचं. पाऊण मीटरचे तीन भाग केले तर एकेक पाव मीटरचा. दोन भाग म्हणजे अर्धा मीटर." ती शेखरकडे वळली. "ज्याच्या हातात तो तुकडा होता आणि ज्याने टेप लावली, त्याला पन्नासच दिसले असते. सहासष्ट फक्त मोबाईलवर दिसतात. तुम्ही तो तुकडा मोजला नाहीत, भाऊ. तो तुकडा झालाच नव्हता."

मी माझ्या बायकोकडे पाहत होतो. सांगायला हरकत नाही, माझे डोळे भरून आले होते.

"असं असेल तर कापड दाखवा ना!" शेखर ओरडला. "कुठे आहे? नुसत्या आकड्यांवर माणसाला चोर ठरवता?"

"आमच्या ह्यांच्या शर्टावर आहे," ती म्हणाली. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी तोच पांढरा शर्ट घातला होता. "हा शर्ट तुमच्या त्या खोलीत निळसर दिसला. आत दिवा नव्हता, उजेड फक्त पडद्यातून येत होता. पडदा दोन्ही बाजूंनी मलई रंगाचा आहे. मग उजेड निळा कसा झाला? पडद्याच्या पोटात काय आहे, भाऊ?"

शेखर खाली बसला. मग खालच्या आवाजात बोलायला लागला.

"आधी वीसच मुली होत्या. विसाला पंधरा मीटर लागतात. पाच उरत होते. मला वाटलं, म्हातारीला एवढं कापड काय करायचंय? पडदा पातळ होता, बाया आत जायला कचरत होत्या. म्हणून आत घातलं. मग सहा पोरी वाढल्या, तेव्हा दुकानाचं उद्घाटन होऊन गेलं होतं. सांगायची लाज वाटली."

"आणि माझं नाव घेताना?" चंद्रभागाताईंनी विचारलं.

शेखरने खिशातून दुकानाची किल्ली काढून काळूपुढे धरली.

काळूने रिक्षा काढली आणि पडदा घेऊन आला. ताईंनी कडेचे टाके उसवले. नशिबाने शेखरने कापड न कापता, चुण्या घालून, नुसत्या कच्च्या टाक्यांवर धरलं होतं. मलई रंगाच्या दोन पदरांतून तात्यांचा निळा सळसळत बाहेर आला, तेव्हा लंकामावशींनी पदर डोळ्यांना लावला.

शेखर कात्री घेऊन पुढे आला. "मी कापून देतो," तो म्हणाला. ताईंनी अडवलं नाही. पाच मीटर कापडावर तीन वेळा टेप सरकली आणि सहा तुकडे झाले. तो ते गोळा करून तसेच ताईंच्या हातात ठेवू लागला.

"मोजून द्या," चंद्रभागाताई म्हणाल्या.

आमच्या कॉलनीत हे वाक्य कुणी कुणाला बोलत नाही. शेखरने मान खाली घातली आणि सगळ्यांसमोर मोठ्याने मोजलं, एकपासून सहापर्यंत. ताईंनीही प्रत्येक तुकडा हातात घेत मोजला. मग प्रफुल्लसाहेब घसा खाकरून म्हणाले, की गणवेशांचं काम ताईंचंच आहे, आणि कापडही यापुढे त्याच कापतील.

जमिनीवर एक तुकडा उरला होता. ताईंनी तो उचलला, टेप लावली आणि टेप शेखरच्या डोळ्यांसमोर धरली. बरोबर अर्धा मीटर. मग त्यांनी तो लंकामावशींच्या हातात दिला.

मावशींनी तो कोपरापासून बोटांपर्यंत धरून पाहिला. "हातभर हाय," त्या म्हणाल्या. "पुरे. ते बी एवढाच बांधायचे."

त्यांनी तो हलगीला बांधला, गाठ नीट आवळली आणि हलगी चंद्रभागाताईंपुढे धरली. "पयली थाप तू मार, बाई."

ताईंनी थाप मारली. रेघेवर अजून उभ्या असलेल्या सव्वीस मुलींनी एकदम लेझीम उचलली.